दिवाळखोरी म्हणजे गुन्हा नव्हे : अमेरिकेतलं बँकरप्सी कोर्ट चालतं कसं?

मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी शांतपणे बाजूला येऊन बसले. त्यांचा भाचा अमेरिकेत असतो. नोकरी गेली, पाठोपाठ ऑपरेशन झालं, हॉस्पिटलचं बिल आणि क्रेडिट कार्डांची थकबाकी मिळून डोंगर झाला. आता तो दिवाळखोरीचा अर्ज करणार म्हणे. सरांनी हळूच विचारलं, "मॅडम, याला तुरुंगात तर नाही ना टाकणार?"

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. भाचा परदेशी निघाला तेव्हा सरांनी त्याला पैसे दिले होते, त्यातले बरेचसे अजून यायचे आहेत. बहिणीचं म्हणणं, "आधी मामूंचे पैसे फेड, मग खुशाल कोर्टात जा." घरच्या नात्याने पाहिलं तर त्यात चूक काय? पण अमेरिकेचा कायदा याच गोष्टीकडे फार बारकाईने बघतो. हे समजून घ्यायचं तर तिथलं दिवाळखोरी न्यायालय आणि तिथले न्यायाधीश कसे काम करतात, ते आधी बघावं लागेल.

शब्दातच अपमान

उर्दूत आपण 'दिवालिया' म्हणतो, मराठीत 'दिवाळखोर'. दोन्ही भाषांत हा शब्द शिवीसारखाच वापरला जातो. अमुकचं दिवाळं निघालं म्हटलं की ऐकणारा मान खाली घालतो.

अमेरिकेत हा विषय थेट राज्यघटनेत आहे. घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात, संसदेच्या अधिकारांच्या यादीत, सगळ्या देशासाठी दिवाळखोरीचे एकसारखे कायदे करण्याचा अधिकार लिहून ठेवला आहे. १८००, १८४१, १८६७ आणि १८९८ असे चार कायदे आले. पहिले तीन फार काळ टिकले नाहीत, चौथा ८० वर्षं चालला. आज जो कायदा लागू आहे तो १९७८ चा. त्यामागचा विचार साधा आहे : माणूस प्रामाणिक असेल आणि नशिबाने अडकला असेल, तर त्याला जन्मभर कर्जाखाली पिचत ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही. त्याच्याकडे जे आहे ते घेणेकऱ्यांत नियमाने वाटा आणि त्याला पुन्हा उभं राहू द्या. घेणेकरी म्हणजे ज्यांचं त्याच्याकडे येणं आहे ते सगळे : बँक, हॉस्पिटल, दुकानदार, आणि हो, मामूसुद्धा.

थोडक्यात, सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. कर्ज फेडता आलं नाही म्हणून तुरुंग नाही. पण मालमत्ता लपवली, खोटी शपथ घेतली, तर तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे कोर्ट बसतं कुठे?

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन वेगळ्या रांगा आहेत. एक प्रत्येक राज्याची, दुसरी केंद्राची, जिला तिथे फेडरल म्हणतात. घटस्फोट, घरभाड्याचे तंटे, बहुतेक फौजदारी खटले राज्याच्या कोर्टात जातात. दिवाळखोरीचा अर्ज मात्र फक्त फेडरल कोर्टातच करता येतो.

फेडरल न्यायव्यवस्थेचे ९४ जिल्हे आहेत. हे जिल्हे आपल्यासारखे लहान नाहीत. काही ठिकाणी अख्खं राज्य म्हणजे एक जिल्हा. या सगळ्यांसाठी मिळून ९० दिवाळखोरी न्यायालयं आहेत. २०२४ या एका वर्षात तिथे पाच लाखांहून जास्त अर्ज दाखल झाले. त्यात मोठ्या कंपन्या मूठभर. बाकी सगळी साधी माणसं, सरांच्या भाच्यासारखी.

न्यायाधीश, पण जरा वेगळे

अमेरिकेचे नेहमीचे फेडरल न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट त्यांना मंजुरी देते आणि त्यांची नेमणूक तहहयात असते. पगारही कमी करता येत नाही. उद्देश हा की कुणाच्या भीतीने त्यांचा निकाल फिरू नये.

दिवाळखोरी न्यायाधीशांचं तसं नाही. त्यांना त्या विभागाचं अपील न्यायालय नेमतं आणि मुदत १४ वर्षांची असते. मुदत संपली की पुन्हा नेमणूक होऊ शकते. त्यांचा पगार जिल्हा न्यायाधीशाच्या ९२ टक्के, हे कायद्यातच ठरवलेलं आहे. अकार्यक्षमता, गैरवर्तन, कामात हयगय किंवा शारीरिक-मानसिक असमर्थता, एवढ्याच कारणांसाठी त्यांना मुदतीआधी काढता येतं, आणि तो निर्णयही न्यायाधीशांचंच मंडळ घेतं. राष्ट्राध्यक्ष किंवा मंत्री त्यांना हात लावू शकत नाहीत.

१८९८ च्या कायद्याखाली या माणसांना न्यायाधीश म्हणतही नसत, 'रेफरी' म्हणत. १९७८ च्या कायद्याने त्यांना मोठे अधिकार दिले, पण तहहयात नेमणूक दिली नाही. त्यातून पेच झाला. नॉर्दर्न पाइपलाइन नावाच्या कंपनीने मॅरेथॉन कंपनीविरुद्ध करारभंगाचा दावा दिवाळखोरी कोर्टात लावला. मॅरेथॉनचं म्हणणं, "हा साधा करारभंगाचा दावा आहे, तो तहहयात न्यायाधीशापुढेच चालला पाहिजे." १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि नव्या व्यवस्थेचा पायाच हलला.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, संसदेने मधला मार्ग काढला. दिवाळखोरी न्यायालय हा जिल्हा न्यायालयाचाच एक भाग ठरवला. अधिकार मूळचा जिल्हा न्यायालयाचा. ते कामं खाली सोपवतं आणि वाटलं तर कुठलंही प्रकरण परत आपल्याकडे ओढून घेऊ शकतं. शाळेचं उदाहरण घ्या. दाखल्यावर अधिकार मुख्याध्यापकांचा, पण रोजचं काम पर्यवेक्षक बघतात. पर्यवेक्षकांचा शब्द चालतो, तरी मुख्याध्यापक फाईल मागवू शकतात. साधारण तसंच.

म्हणूनच तिथे कामाचे दोन भाग पडतात. कर्जाचा दावा खरा की खोटा, मालमत्ता विकायची का, कर्जातून सुटका द्यायची का, ही दिवाळखोरीची गाभ्याची कामं. यात हे न्यायाधीश अंतिम हुकूम देतात. ज्या वादाचा दिवाळखोरीशी फक्त लांबचा संबंध आहे, तिथे दोन्ही बाजूंची संमती नसेल तर ते फक्त आपला अहवाल आणि शिफारस वर पाठवतात. एखाद्याला झालेल्या दुखापतीच्या किंवा मृत्यूच्या भरपाईचा खटला तर त्यांच्यापुढे चालतच नाही, तो जिल्हा न्यायालयात जातो.

ही रेघ कुठे मारायची, यावर भांडणं अजून संपलेली नाहीत. २०११ मध्ये ॲना निकोल स्मिथ या प्रसिद्ध मॉडेलच्या वारसाहक्काच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या यादीत 'गाभ्याचं' म्हणून लिहिलेलं असलं, तरी राज्याच्या कायद्याखालच्या काही दाव्यांवर दिवाळखोरी न्यायाधीश अंतिम निकाल देऊ शकत नाहीत. २०१५ मध्ये आणखी एक निकाल आला : दोन्ही बाजूंनी समजून-उमजून संमती दिली तर चालेल.

निकाल पटला नाही तर अपील जिल्हा न्यायालयात जातं. पाच विभागांत तीन दिवाळखोरी न्यायाधीशांचं अपील पॅनेलही असतं. त्यानंतर अपील न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय.

अर्ज दिला की त्या क्षणी काय होतं?

अर्ज दाखल होताच वसुली थांबते. यासाठी न्यायाधीशांच्या सहीची वाट बघावी लागत नाही; कायद्यानेच आपोआप मनाई लागू होते. वसुलीवाल्यांचे फोन, पगारातली कपात, घराचा लिलाव, दावे, सगळं जागच्या जागी थांबतं. मुलांच्या पोटगीसारखे काही अपवाद आहेत. ज्या बँकेकडे घर किंवा गाडी तारण आहे, ती न्यायाधीशांकडे जाऊन "आमच्यापुरती ही मनाई उठवा" असं मागू शकते. दिवाळखोरी न्यायाधीशांचा बराच वेळ अशा अर्जांवर जातो.

त्यानंतर येतो ट्रस्टी. हा कर्जदाराचा वकील नाही आणि न्यायाधीशही नाही. कागद तपासणं, मालमत्ता शोधणं, विकण्यासारखं असेल ते विकून पैसे वाटणं, हे त्याचं काम. बहुतेक राज्यांत ट्रस्टींवर देखरेख न्याय खात्याची एक शाखा ठेवते. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायनात ते काम न्यायालयाच्या अखत्यारीतले अधिकारी करतात.

मग होते घेणेकऱ्यांची बैठक. शपथ घेऊन कर्जदाराला उत्तरं द्यावी लागतात : घर कुणाच्या नावावर? गेल्या दोन वर्षांत काही विकलं का, कुणाला दिलं का? नातेवाइकांना पैसे पाठवले का? गंमत म्हणजे या बैठकीला न्यायाधीश हजर राहूच शकत नाहीत, कायद्याची तशी स्पष्ट मनाई आहे. पुढे वाद झाला तर निकाल त्यांनाच द्यायचा असतो, म्हणून चौकशीत त्यांनी भाग घ्यायचा नाही. साध्या प्रकरणात कर्जदार न्यायाधीशांचं तोंडही न बघता मोकळा होतो.

कोणासाठी कोणतं प्रकरण

कायद्याच्या पुस्तकात वेगवेगळी प्रकरणं आहेत आणि तिथली माणसं त्यांच्या आकड्यांनीच बोलतात.

प्रकरण ७ : ज्याच्याकडे फारसं काही उरलं नाही त्याच्यासाठी. राज्याच्या नियमांनुसार काही वस्तू, ठरावीक किमतीपर्यंतची गाडी, घरातला काही हिस्सा सोडून बाकी मालमत्ता विकली जाते. पुष्कळांकडे विकण्यासारखं काही नसतंच. साधारण चार महिन्यांत सुटकेचा हुकूम निघतो. फी ३३८ डॉलर. फारच कमी उत्पन्न असेल तर माफीसाठी अर्ज करता येतो. २००५ पासून उत्पन्नाची चाचणीही आहे, म्हणजे चांगला कमावणारा सहज या वाटेने जाऊ शकत नाही. अर्जाआधी कर्ज-समुपदेशन घ्यावं लागतं आणि सुटकेआधी पैशांच्या नियोजनाचा छोटा कोर्सही करावा लागतो.

प्रकरण १३ : नियमित पगार असणाऱ्यांसाठी. तीन ते पाच वर्षांची हप्त्यांची योजना मांडायची, न्यायाधीशांनी मंजूर केली की त्याप्रमाणे भरायचं. थकलेलं घर वाचवायला लोक हाच मार्ग धरतात.

प्रकरण १२ : हे वाचून आपल्या मराठवाड्यातल्या आणि कोकणातल्या वाचकांनी जरा थांबावं. हे खास शेतकरी कुटुंबांसाठी आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतले शेतकरी कर्जात बुडाले, जमिनींचे लिलाव सुरू झाले, तेव्हा १९८६ मध्ये ते तात्पुरतं आणलं गेलं. २००५ मध्ये कायम झालं आणि त्यात मच्छीमार कुटुंबांनाही घेतलं गेलं. पीक एकदाच हातात येतं, पैसा दर महिन्याला येत नाही, हे ओळखून हंगामाप्रमाणे हप्ते ठरवता येतात.

प्रकरण ११ : मुख्यतः कंपन्यांसाठी. 'कंपनी दिवाळखोरीत गेली तरी चालू कशी?' हे मुलं मला नेहमी विचारतात. उत्तर या प्रकरणात आहे. बहुतेक वेळा जुनेच चालक धंदा सांभाळत राहतात, पण न्यायालयाच्या नजरेखाली. मग घेणेकऱ्यांपुढे योजना ठेवली जाते आणि गटवार मतदान होतं. एखाद्या गटाची मान्यता मिळायला, मत देणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक आणि रकमेच्या हिशेबाने किमान दोन तृतीयांश येणं असलेले बाजूने हवेत. जनरल मोटर्स १ जून २००९ ला न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी कोर्टात गेली आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या रूपात बाहेर पडली. कारखाने बंद झाले असते तर सुट्या भागांचे पुरवठादारही बुडाले असते.

प्रकरण ९ : शहरं आणि स्थानिक संस्थांसाठी. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यापोटी अर्ज केला. एका बाजूला निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन, दुसऱ्या बाजूला शहराच्या कलासंग्रहालयातली जगप्रसिद्ध चित्रं. ती चित्रं विकावीत असा काही घेणेकऱ्यांचा आग्रह होता. न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांच्यापुढे हे प्रकरण होतं. मध्यस्थीतून धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे देणगीदार यांनी मिळून मोठी रक्कम उभी केली. चित्रं वाचली आणि पेन्शनची कपातही कमी झाली. तरी शहराच्या साध्या निवृत्त कर्मचाऱ्यांचं मासिक पेन्शन ४.५ टक्क्यांनी घटलं आणि महागाईप्रमाणे होणारी वाढही गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये योजना मंजूर झाली. या न्यायाधीशाच्या टेबलावर बहुतेक वेळा असंच असतं : सगळ्यांना पुरेल एवढं नाही, मग कुणाचं किती कमी करायचं?

सुटका कुणाला नाही?

सुटका सगळ्या देण्यांतून होत नाही. पोटगी, बहुतेक अलीकडचे कर, फसवणुकीने घेतलेले पैसे, दारू पिऊन गाडी चालवून केलेल्या इजेची भरपाई, ही देणी राहतातच. शिक्षणाचं कर्ज सुटायला तर 'असह्य हलाखी' सिद्ध करावी लागते आणि ते सोपं नाही.

यातला सगळ्यात गाजलेला वाद पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीचा. तिच्या 'ऑक्सिकॉन्टिन' या वेदनाशामक गोळीमुळे व्यसन आणि मृत्यू झाले, असे हजारो दावे होते. २०१९ मध्ये कंपनी प्रकरण ११ खाली गेली. कंपनीचे मालक सॅकलर कुटुंब अब्जावधी डॉलर द्यायला तयार होतं, पण अट ही की त्यांच्याविरुद्धचे सगळे दावे कायमचे बंद व्हावेत. त्यांनी स्वतः दिवाळखोरीचा अर्ज केलेला नव्हता. दिवाळखोरी न्यायाधीशांनी योजना मंजूर केली, जिल्हा न्यायालयाने ती फेटाळली, अपील न्यायालयाने पुन्हा उचलून धरली. शेवटी जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की दावेदारांची संमती नसताना अशी माफी तिसऱ्या माणसाला देण्याचा अधिकार दिवाळखोरी कोर्टाला नाही.

विरोधात मत देणाऱ्या चार न्यायमूर्तींची काळजीही खोटी नव्हती : योजना मोडली तर पीडितांच्या हातात काय पडणार? नंतर जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ७.४ अब्ज डॉलरची नवी तडजोड जाहीर झाली. मला मात्र बहुमताच्या निकालातला मुद्दा विद्यार्थ्यांना सांगावासा वाटतो. कर्जमुक्ती हवी असेल तर आपलं सगळं ताट कोर्टापुढे ठेवावं लागतं. ताट झाकून ठेवायचं आणि मुक्तीही मागायची, हे जमणार नाही.

हाच नियम न्यायाधीशांनाही लागू होतो. मोठ्या कंपन्यांना अर्ज कुठे करायचा हे बऱ्याच अंशी निवडता येतं, म्हणून डेलावेअर, न्यूयॉर्क आणि ह्यूस्टन इथली कोर्टं गजबजलेली असतात. ह्यूस्टनचे न्यायाधीश डेव्हिड जोन्स यांच्यापुढे देशातली कितीतरी मोठी प्रकरणं येत. ज्या वकिलांची कंपनी त्यांच्यापुढे खटले चालवत होती, तिथल्या एका वकील महिलेशी त्यांचे घरोब्याचे संबंध होते आणि त्यांनी ते जाहीर केले नव्हते. हे उघड झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

आणि आपल्याकडे?

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेमुळे आपल्याकडे कंपन्यांची प्रकरणं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जातात, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. पण साध्या माणसासाठी याच संहितेत लिहिलेला भाग, कंपन्यांच्या जामीनदारांचा अपवाद सोडला तर, लागूच झालेला नाही. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा, असे इंग्रजांच्या काळातले कायदेच अजून कामाला येतात. कर्जात बुडालेला आपला शेतकरी सरकारच्या कर्जमाफीच्या घोषणेची वाट बघतो. घोषणा झाली तर झाली, आणि झाली तरी खाजगी सावकाराचं कर्ज तसंच राहतं. त्याला हक्काने जाता येईल, वसुली थांबवता येईल, हंगामाप्रमाणे हप्ते मागता येतील, असं तालुक्याच्या जवळचं कोर्ट का नसावं, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

मामूंचे पैसे

आता सरांचा दुसरा प्रश्न. अर्जाआधीच्या ९० दिवसांत एखाद्या घेणेकऱ्याला बाकीच्यांना डावलून पैसे दिले असतील, तर ट्रस्टी ते परत मागू शकतो. घेणेकरी जवळचा नातेवाईक असेल तर ही मुदत एक वर्षाची होते. मामा त्यात येतात. मालमत्ता दोन वर्षांच्या आत भावाच्या नावावर करून ठेवली असेल तर तेही उघडून बघितलं जातं. त्यामुळे भाच्याने घाईने मामूंचं कर्ज फेडलं असतं, तर मदत व्हायच्या ऐवजी त्याच्या अर्जातच अडचण आली असती. दानधर्माच्या बाबतीत कायदा थोडा सैल आहे : पात्र धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत प्रामाणिकपणे दिलेली देणगी सहसा परत मागितली जात नाही.

मग मामूंनी काय करायचं? त्यांचं नाव घेणेकऱ्यांच्या यादीत लिहायचं, बस. नातेवाईक म्हणून नाव वगळलं तर ती खोटी माहिती ठरते. आणि त्याच कायद्यात आणखी एक वाक्य आहे, ज्याने सरांचा चेहरा उजळला. सुटका झाल्यावर कुठलंही जुनं देणं कर्जदाराने स्वतःच्या खुशीने फेडायला पूर्ण मुभा आहे. कुणी सक्ती करू शकत नाही, पण कुणी अडवूही शकत नाही.

हे सगळं मी वाचून, समजून सांगितलं. भाच्याला मात्र तिथल्या वकिलाकडेच जायला सांगितलं, कारण प्रत्येक राज्यात घर-गाडी वाचवायचे नियम वेगळे आहेत आणि पैसे नसणाऱ्यांसाठी मोफत कायदा मदत केंद्रंही आहेत.

संध्याकाळी सरांनी भाच्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "त्याला सांगितलं, माझं नाव यादीत लिही आणि आधी तब्येत सांभाळ. कोर्टाने सोडलं तरी मामूचं देणं त्याच्या लक्षात राहील, आणि राहिलं नाही तरी तो माझा भाचाच आहे." बहिणीला समजवायला अजून दोन फोन लागले.